वाढवलेलं दुकान

“विळी कुठाय? अरे, माझी विळी कुठाय? कुणी विकली माझी विळी?”

काका त्यांच्या ड्राइव्हवेच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे स्टीलचे, डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायलासुद्धा मनाई केलेली. पण आवाज असा लागला की दक्षिणेकडे निघालेला रानबदकांचा एक थवा माझ्या डोळ्यांदेखत वळला आणि परत कॅनडाच्या दिशेनं गेला. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. ती नाही म्हणेल, पण तिनं तेव्हा चष्मा लावला नव्हता.

दुपार कलली होती. मिशिगनातल्या ट्रॉयमधल्या आमच्या सबडिव्हिजनचा, म्हणजे वसाहतीचा, फॉलमधला यार्ड सेल आटपत आला होता. घरोघरी जुनं सामान अंगणात मांडून विकायचं, तो. मी शेजारीच, माझ्या घरापुढच्या गवतावर एका कॅम्पिंगच्या खुर्चीत पडलो होतो. ती खुर्चीही विकायलाच होती. कुणी भाव विचारला असता तर माझ्यासकट देऊन टाकली असती.

माझी लेक कपड्यांची रिकामी बास्केट धरून काकांसमोर उभी होती. ती पॅरामेडिक आहे, अँब्युलन्सवर. भळाभळा रक्त वाहताना जी मागे हटत नाही, ती काकांच्या आवाजानं मागे सरकली.

“आजोबा, कुठली विळी? मी विळी नाही विकली.”

“स्नो ब्लोअरच्या मागं होती! बुटांच्या खोक्यात! टॉवेलमध्ये गुंडाळून!”

“ओह,” लेक म्हणाली. मग रिकाम्या बास्केटकडे बघून, “ओह नो.”

मी डोळे मिटून घेतले. हे ‘ओह नो’ माझ्या ओळखीचं आहे. गाडी शिकत असताना तिनं गराजचं दार न उघडताच गाडी बाहेर काढली होती, तेव्हा ती हेच म्हणाली होती.

आता हे नीट सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. मागं जायचं त्राण राहिलेलं नाही, तरी जातो.

या सेलचा मी आयोजक झालो तो मानेमुळे. उन्हाळ्यात सबडिव्हिजनची मीटिंग होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, यंदा फॉल सेल कोण बघणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बाईंची नजर माझ्यावर आली आणि मी मान हलवली. ती मान आपली होती. ‘बघू, घरी विचारतो, खरं म्हणजे नकोच’, एवढं सगळं जी मान एका झोक्यात बोलते, ती. बाईंना त्यात फक्त ‘हो’ दिसलं. टाळ्या वाजल्या. एकानं तर उठून माझा हात हातात घेतला. इतकी वर्षं या देशात काढली, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झालो, पण स्वतःची मान वेळेवर थांबवता आली नाही.

तेव्हापासून मी जो दमायला लागलो तो अजून दमतोच आहे. खांबांवर पाट्या लावा, मग पाट्या वाऱ्यानं उडाल्या की शोधून आणा. एकीला पावसाची भीती, एकाला उन्हाची, एकाला शेजाऱ्याच्या टेबलाची. मिशिगनच्या ऑक्टोबरनं मात्र सगळ्यांचं ऐकलं. त्या एका सकाळी ऊन, भुरभुर, गारा आणि परत ऊन. मेपलची पानं अशी गळत होती की मी एक टेबल झाडून होईपर्यंत दुसरं पुरलं जायचं. त्या पानांखाली कुणाची तरी मांजर सापडली. एका गिऱ्हाइकानं तिचाही भाव विचारला.

आणि माल! आमच्या भागातल्या प्रत्येक मराठी घरातून एकेक ट्रेडमिल निघाली. एकीचीही चालायची पट्टी झिजलेली नव्हती. दांडे मात्र कपडे वाळत घालून घालून गुळगुळीत झालेले. माझी ब्रेड मशीन समोरच्यानं घेतली. समोरच्याचा फूड प्रोसेसर माझ्या बायकोनं घेतला.

“अगं, आपण घर रिकामं करतोय ना?”

“अहो, पण नवा आहे हो, खोकंसुद्धा उघडलेलं नाही!”

मला ते खोकं ओळखू येत होतं. मागच्या सेलला आम्हीच विकलेलं.

पण या सगळ्या पसाऱ्यात एकच घर खरोखर रिकामं होत होतं. शेजारच्या काकांचं.

काकू गेल्या वर्षी गेल्या. मुलगा कॅरीला, नॉर्थ कॅरोलिनात, औषधांच्या कंपनीत. त्यानं ठरवून टाकलं, बाबांनी आता एकटं राहायचं नाही, बर्फ पडायच्या आत इकडे यायचं. घराला गिऱ्हाईकही मिळालं. फोन स्पीकरवर होता, मी समोर चहा पीत होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“बाबा, फक्त दोन बॅगा आणा. बाकी सगळं इकडे आहे.”

“दोन बॅगा आणि विळी,” काका म्हणाले.

“विळी कशाला? घरात दोन लहान पोरं आहेत. बाबा, दॅट थिंग इज अ वेपन!”

“याच वेपननं चिरलेली भेंडी खाऊन तू इंजिनीअर झालास.”

“पण तुम्ही तर स्वयंपाकच करत नाही!”

ते खरंच होतं. काकांनी आयुष्यात काकडीदेखील चिरलेली नव्हती. कांदा आतून कसा असतो हे त्यांना कोशिंबिरीत कळायचं.

ते विळीसमोर फक्त बसायचे. काकूंच्या किचनमध्ये ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा होता, विमान उतरवता येईल इतका. पण काकू रोज संध्याकाळी खाली फरशीवर फतकल मारून बसायच्या, पायानं विळीचा पाट दाबून धरायच्या, आणि समोर खुर्चीत काका. जेवताना दोघं मुकी. टीव्हीसमोर काका घोरत. जे काही बोलणं व्हायचं ते त्या विळीच्या अल्याड-पल्याड. मुलाचं कॉलेज, घराचं कर्ज, कुणाकुणाची लग्नं, काकांची गेलेली नोकरी आणि परत मिळालेली नोकरी, सगळं गवारीच्या शेंगा मोडता-चिरता ठरलं. काकू वर बघायच्या नाहीत. वर बघितलं की बोट जायचं. त्यामुळे काकांना काय वाट्टेल ते बोलता यायचं.

काकू गेल्यावर मी संध्याकाळी डोकवायचो, तर काका खुर्चीत आणि समोर विळी उघडून ठेवलेली. भाजी नाही, काही नाही.

“दिवा तरी लावा काका.”

“दिसतंय की,” म्हणायचे.

तर अशी ती विळी. सागवानी पाट, पितळी बिजागरी, टोकाला नारळाची खोवणी आणि पातं झिजून झिजून चंद्रकोरीएवढं राहिलेलं. ती या देशात आली त्याची गोष्ट काकू रंगवून सांगायच्या, आणि त्यात मी माझी भर घातली आहे. विमानतळावर बॅग उघडली आणि ऑफिसर चार हात मागे उडाला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं कुत्र्याला. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ऑफिसरच्या डब्यातलं सफरचंद उचललं, नऊवारीचा काष्टा सारखा करून जमिनीवर बसल्या, आणि कुणी बंदूक काढायच्या आत त्याच्या आठ फोडी करून सगळ्यांना वाटल्या. कुत्र्यालाही एक. काकू नऊवारी कधीच नेसत नसत, ते माझं.

मुलगा सामान बांधायला येईल आणि विळी गुपचूप फेकून देईल, ही काकांची धास्ती. म्हणून त्यांनी ती टॉवेलात गुंडाळली, बर्फातल्या बुटांच्या खोक्यात घातली आणि गराजमध्ये बर्फ उडवायच्या यंत्रामागं, स्नो ब्लोअरच्या मागं दडवली. मला एकट्याला सांगितलं. “कॅरीला विमानानं नाही, गाडीनंच जायचं. खोकं मांडीवर घेईन. मांडीवरून कोण काढतो बघू.”

सेलच्या दिवशी माझी लेक काकांच्या मदतीला होती, कारण काका विकत नव्हते, मुलाखती घेत होते. एका तरुण जोडप्यानं पातेलं उचललं तर काकांनी विचारलं, यात काय शिजवणार? पास्ता, म्हणाले. काकांनी पातेलं काढून घेतलं. एका बाईनं काकूंचा पोळपाट उलटा करून म्हटलं, चीज मांडायला छान आहे. काका घरातून पाणी पिऊन आले, मग पोळपाट दिला. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा असा झाला की जणू प्रत्येक वाटीबरोबर तेही गाडीत बसून कुठं कुठं जाऊन आले.

शेवटी ते लेकीला म्हणाले, “बाळ, दमलो गं मी. दुकान वाढव आता.” आणि आत जाऊन पडले.

आता आपली भाषा कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण काही संपू देत नाही. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातले तांदूळ संपले तर ते उदंड झाले. आणि संध्याकाळी दुकान बंद केलं असं कुणी म्हणत नाही, दुकान वाढवलं म्हणतात. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही लेकीला शिकवलं नाही. तिचं मराठी तिनं इथं जेवणाच्या टेबलावर ऐकून जमवलेलं. ‘भात वाढ’, ‘आवाज वाढव’, ‘उंची वाढली’. त्यात वाढवणं म्हणजे वाढवणं.

तिनं दुकान वाढवलं.

गराजचं दार वर केलं आणि स्ट्रेचर उचलायची सवय असलेल्या हातांनी सगळं गराज गवतावर आणून मांडलं. शिड्या, सायकली, स्नो ब्लोअर, सुटकेसा, रंगाचे डबे, खोकी. मला खुर्चीतून ते दिसत होतं. मला वाटलं, काका शहाणे झाले, सगळंच काढताहेत, विळी आधीच आत नेऊन ठेवली असेल. गिऱ्हाइकं माघारी वळली, जाणाऱ्या गाड्या थांबल्या. काका डुलकी काढून बाहेर आले तेव्हा गराजमध्ये फक्त प्रकाश उरला होता.

“तुम्हीच म्हणालात ना, दुकान वाढव!” लेक रडवेली झाली होती. “सो आय एक्स्पांडेड!”

काकांचं तोंड उघडंच होतं. हसावं की ओरडावं, हे त्यांचं ठरेना. मग ते ओरडले.

“अगं, कुणाला दिलीस?”

“एक बांगलादेशी आजी आल्या होत्या, हॅमट्रॅमॅकहून. त्यांनी कुकर घेतला. मग ते खोकं उघडलं, टॉवेलवरून हात फिरवला आणि छातीशीच धरलं. मला वाटलं बूट आहेत. मी म्हटलं, टेक इट. कुकरवर फ्री.”

“फुकट?” काकांचा आवाज एकदम बारीक झाला. “विकलीही नाहीस?”

हे ऐकून लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पॅरामेडिकच ती. रडता रडताच फोन काढला. त्या आजींबरोबर त्यांची नात होती. ती दुसऱ्या दिवशी व्हॅन घेऊन जेवणाचं टेबल न्यायला येणार होती, म्हणून नंबर ठेवून गेलेली. लेकीनं फोन लावला, दोघी भराभर इंग्रजीत बोलल्या.

“शी सेज कम.”

काका गाडीत जाऊन बसलेसुद्धा होते. माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

मी बायकोकडे बघितलं. सेल अजून पसरलेला, गवतभर माल, आकाश भरून आलेलं. ती म्हणाली, “जा हो. मी आवरते. आणि काकांच्या आधी तुम्ही तिथं तोंड उघडू नका.”

आय-सेव्हन्टी-फाइव्ह हायवेवर आम्ही दक्षिणेकडे निघालो. मागच्या सीटवर लेक दर एक्झिटला ‘आय ॲम सो सॉरी आजोबा’ म्हणत होती आणि काका दर एक्झिटला ‘असू दे गं’ म्हणत होते, ते असं की असू द्यायचं काहीच त्यांच्या मनात नाही हे टोलशिवायच्या त्या रस्त्यालाही कळावं. मधेच ते मला म्हणाले, “आपण काय सांगायचं त्यांना? दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे...”

“बायकोची आठवण आहे म्हणायचं. खरंच आहे ते.”

“आठवण नाही रे. रोजची आहे ती.”

हॅमट्रॅमॅक हे डेट्रॉइटच्या पोटातलं छोटं गाव. एकेकाळी पोलिश लोकांचं. त्यांच्या बेकऱ्या अजून आहेत, पण आता गल्ल्याच्या गल्ल्या बांगलादेशी. घरं इतकी चिकटून की एका घरात शिंक आली तर दुसऱ्यात रुमाल काढावा. प्रत्येक अंगणात काठ्या आणि सुतळ्या बांधून केलेला दुधीचा मांडव. थंडीनं वेल करपलेले, पण एखादा जाडजूड दुधी अजून लोंबतोय. काका खिडकीतून बघत म्हणाले, “दुधी आहे.” सकाळपासून त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं तक्रार नसलेलं वाक्य.

दार नातीनं उघडलं. कॉलेजातली मुलगी, डोक्याला स्कार्फ, अंगात युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट. आत शिरलो आणि वास आला. काका दारातच थबकले. काकांच्या घरात कुणी कधी अंडंही फोडलेलं नव्हतं, आणि इथं आख्ख्या घराला ताज्या माशाचा वास. मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, आता हे परत गाडीत जाऊन बसणार. गेले नाहीत.

किचनच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर आजी बसलेल्या. लहानखुऱ्या, पांढरी साडी, एक गुडघा वर, आणि पायाखाली काकूंची विळी. उघडलेली, धुतलेली. पात्यावर एक मासा चाललेला, केवढा म्हणून सांगू, लहान मुलाएवढा. आजी तो दोन्ही हातांनी धरून पुढं ढकलत होत्या, आणि पातं कुठंही अडखळत नव्हतं. वर न बघता त्या आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या.

“नानी सेज, नॉट बूट, बोटी,” असं काहीतरी नात म्हणाली. मग तिनं नीट इंग्रजीत समजावलं. याला त्यांच्याकडे बोटी म्हणतात. नानीची स्वतःची बोटी गंजून मोडली, तेव्हापासून ती ओट्याशी उभं राहून सुरीनं कापते. पाठ दुखते, चिडचिड करते, कुणाशी धड बोलत नाही. आज आल्यापासून मात्र तिची बडबड थांबलेली नाही.

आजींनी हनुवटीनं समोरची खुर्ची दाखवली. “बोशो, बोशो.”

काका बसले.

आजी बोलायला लागल्या. मासा कापत, वर न बघता, एका लयीत, त्यांच्या बंगालीत. काय ते देवाला ठाऊक. कुणाची तरी तक्रार असावी. सूर तक्रारीचाच होता. काका ऐकत होते. जरा वेळानं ते “हं” म्हणाले. आजींनी आणखी काही सांगितलं. काका म्हणाले, “असंच असतं.” मराठीत. आजींनी मान डोलावली आणि पुढचा तुकडा केला. मला वाटलं, आता काढतील विषय, आता काढतील. लेक माझ्या बाहीला धरून उभी. नातीनं चहा आणला, दुधाळ, आपल्यासारखाच. काकांनी माशाच्या समोर बसून तो सगळा प्यायला. एक थेंब ठेवला नाही. मी हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर मलाच ही माझी एखादी थाप वाटली असती.

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. आजींकडे बघून म्हणाले, “येतो हं.” आणि सरळ दाराबाहेर.

मी आणि लेक एकमेकांकडे बघत मागोमाग निघालो. गाडीत बसलो, वायपर लावले, पाऊस सुरू झाला होता. माझी पाठ गेलेली, पाय गेलेले, घरी गवतावर भिजणारा माल डोळ्यांसमोर. पहिल्याच सिग्नलला मी फुटलो.

“काका! अहो, एवढा आरडाओरडा केलात, पोरीला रडवलंत, मला इथवर ताणून आणलंत, आणि विळीबद्दल एक शब्दही नाही? मागायची तरी!”

काका समोर लाल दिव्याकडे बघत होते.

“अर्धा मासा राहिला होता त्यांचा,” म्हणाले.